गाडीची शाकारणी

कोकणात आगोट जवळ आली की घरोघरी धांदल उडते. कौलं उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, वाळवी लागलेली रीप बदलायची, पुन्हा कौलं चढवायची. पावसाच्या माऱ्याच्या बाजूला झाप बांधायचे, होड्या वर ओढून झावळ्यांनी झाकायच्या. हे सगळं मृग लागायच्या आत. ढग गडगडायला लागल्यावर शाकारणीला माणूस मिळत नाही, आणि मिळाला तरी उपयोग नसतो.

कतारमध्ये आपल्या डोक्यावर कौलं नाहीत. भिंती घरमालकाच्या, एसी घरमालकाचा. उन्हातान्हात बाहेर उभी राहणारी आणि स्वतःच्या पैशाने घेतलेली मोठी वस्तू आपल्याकडे एकच असते, ती म्हणजे गाडी. तिची शाकारणी कधी करायची आणि कशी, त्यासाठी हा लेख.

मी मदिनत अश शमालला राहतो. पोलादी बांधकामावरच्या रंगाची तपासणी हे माझं पोटापाण्याचं काम. रंगाची जाडी मोजायची, कुठे फोड आलाय, कुठे गंज डोकावतोय ते लिहून काढायचं. त्यामुळे मंडळाच्या कार्यक्रमाला दोह्याला आलो की पार्किंगमध्येच कुणीतरी गाठतं, "दादा, हे बॉनेटवर पांढरं काय पडलंय, जरा बघता का?" बघतो. पण उत्तर उभ्या उभ्या सांगून होत नाही. दिवाळी अंकाच्या निमित्ताने ते एकदा सविस्तर लिहून टाकतो.

ऋतू नेमका कधी बदलतो?

आपल्याकडे अगस्त्याचा तारा उगवला की पाणी निवळतं, असं पूर्वापार मानतात. तोच तारा अरबांचा सुहैल. आखातात २४ ऑगस्टच्या सुमारास सुहैलचा उदय धरतात आणि तिथून उन्हाळा उतरणीला लागला असं समजतात. त्यानंतर साधारण ५२ दिवसांनी, ऑक्टोबरच्या मध्यावर, 'वस्म' सुरू होतो. हा पहिल्या पावसाच्या आशेचा काळ. म्हणजे अगस्त्य आपल्याकडे पावसाळा सरत आल्याची खूण, तर इथे पावसाची वाट बघायला लावणारा.

गाडीच्या दृष्टीने या दोन तारखांमधले दिवस सगळ्यात वाईट. जून-जुलैमध्ये ज्या वाऱ्यावरून आमच्या गावाचं नाव पडलं असं वाटावं, तो शमाल, म्हणजे उत्तरेचा वारा, धूळ घेऊन येतो. पण तेव्हा हवा बरीचशी कोरडी असते. धूळ बसते आणि पुढच्या झोतात थोडीफार उडूनही जाते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये वारा पडतो आणि तापलेल्या समुद्रावरची दमट हवा अंगाला चिकटते. आमचं गाव द्वीपकल्पाच्या टोकाला, दोह्यापासून शंभर किलोमीटरहून अधिक उत्तरेला. समुद्र जवळजवळ तिन्ही बाजूंनी. पहाटे गाडीच्या टपावरून दवाचे ओघळ येतात. ते दव धुळीवर पडतं, धुळीचा चिखल होतो, आणि आठ वाजेपर्यंत ऊन त्याला भाजून काढतं. असं रोज. महिनाभरात टपावर एक पातळ गिलावा तयार होतो, तो नुसत्या फडक्याने निघत नाही. सौरऊर्जेच्या पट्ट्यांवरही आखातात नेमकी हीच अडचण येते. कोरडी धूळ उडते, दव पडलेली धूळ चिकटून बसते.

म्हणून आपली शाकारणी वस्म लागताना करायची. तिथी हवी असेल तर ती परंपरेने आधीच दिलेली आहे. खंडेनवमीला हत्यारं, अवजारं, वाहनं धुऊनपुसून पूजेला मांडतात. खंडेनवमी ते नरकचतुर्दशी हे तीन आठवडे इथल्या हवेत या कामाला अगदी योग्य. त्याआधी पत्रा इतका तापलेला असतो की साबण लावता लावता वाळतो. त्यानंतर पाऊस कधीही येतो.

अर्ध्या केसाएवढं कवच

गाडीचा रंग म्हणजे एकच थर असं आपण समजतो. खरं तर पत्र्यावर आधी गंजरोधक लेप, त्यावर प्रायमर, त्यावर आपल्याला दिसणारा रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक लॅकर, असे चार थर असतात. चारही मिळून जाडी साधारण १०० ते १४० मायक्रॉन. त्यातलं लॅकर ४० मायक्रॉनच्या आसपास. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉनचा असतो. म्हणजे ऊन, धूळ, मीठ आणि पक्ष्यांची विष्ठा, या सगळ्यांशी अर्ध्या केसाएवढा थर लढत असतो.

या लॅकरमध्ये अतिनील किरण शोषणारी द्रव्यं मिसळलेली असतात. ती वर्षानुवर्षं झिजतात. संपत आली की आधी चमक जाते, मग टपावर आणि बॉनेटवर पांढुरके ढग दिसतात, मग पापुद्रे सुटतात. दरवाजे उभे असतात म्हणून त्यांना ऊन तिरकं लागतं आणि ते उशिरा खराब होतात. टप आणि बॉनेट दिवसभर आडवे पडून ऊन खातात.

आता पार्किंगमधल्या प्रश्नाचं उत्तर. बॉनेटवरचं पांढरं दोन प्रकारचं असतं. पाण्याने ओलं केल्यावर ते नाहीसं झालं आणि वाळल्यावर परत आलं, हाताला पापुद्रा लागत नाही, तर लॅकर नुसतं वरवर मंदावलं आहे. पॉलिश करून ते सुधारू शकतं. कडेला नखाने पापुद्रा उचलला जात असेल तर लॅकर सुटलं. जगातलं कुठलंही मेण किंवा पॉलिश ते परत बसवू शकत नाही. तिथे रंगकामच करावं लागतं. आणि यंत्राने एकदा चांगलं घासून पॉलिश केलं की दोन-चार मायक्रॉन लॅकर निघून जातं, हेही ध्यानात असू द्या. दर दिवाळीला 'चमकवून' घेणं म्हणजे ठेव मोडून सण साजरा करणं. पॉलिश गाडीच्या आयुष्यात मोजून दोनदा-तीनदा. दर वर्षी करायचं ते संरक्षण.

मिठाला पाणी सुटतं

पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं, हे आपल्या आयांना माहीत होतं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच हवेतलं पाणी ओढून विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षारही असतात आणि ते तर ३३ टक्क्यांच्या आसपासच पाणी धरू लागतात. आखाताचं पाणी मुळातच महासागरापेक्षा खारट. तेव्हा समुद्राकाठी उभ्या गाडीच्या पोटाखाली, चाकांच्या कमानींत आणि दाराच्या खालच्या कडांत साठलेलं मीठ वर्षातले फार थोडे दिवस पूर्ण कोरडं असतं. "इथे पाऊस पडत नाही, गाडी काय गंजणार?" असं म्हणणाऱ्यांसाठी हे उत्तर.

पुढे थंडीत आपण कॅम्पिंगला जातो, फुवैरितच्या किनाऱ्यावर मुलांना नेतो, कुणी हौसेने गाडी ओल्या वाळूवर किंवा सबखावर, म्हणजे खाऱ्या जमिनीवर, घालतो. सबखाचा चिखल म्हणजे मिठाचं लोणचंच. परत आल्यावर टप धुतला नाही तरी चालेल, पण पेट्रोल पंपाजवळच्या वॉशिंगमध्ये गाडी लिफ्टवर घेऊन खालून दाबाचं पाणी मारून घ्या. दाराच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात, पाणी निचरायला. त्यांत वाळू बसली की दाराच्या पोटात डबकं होतं. एक दात-कोरणी तिथे हजार रियालचं काम वाचवते.

धुण्याची रीत

वाळूत क्वार्ट्झ असतो. तो लॅकरपेक्षा कितीतरी कठीण. कोरड्या गाडीवर फडकं फिरवणं किंवा एकाच बादलीत बुचकळलेल्या ओल्या फडक्याने रोज पहाटे पुसणं म्हणजे काचकागद फिरवणं. दिव्याखाली बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसतात ते याचेच. पार्किंगमध्ये महिन्याच्या बोलीवर गाड्या पुसणाऱ्या बिचाऱ्या मुलांना दोष देऊ नका. एक बादली पाण्यात दहा गाड्या पुसायला आपणच सांगतो. त्यांना म्हणावं, आठवड्यातून एकदाच कर, पण पाणी बदलून कर. पैसे तेवढेच देऊ.

घरी धुणाऱ्यांनी एक कायदा लक्षात ठेवावा. पिण्याच्या पाण्याची नळी लावून गाडी किंवा अंगण धुवायला कतारमध्ये मनाई आहे आणि दंड चांगलाच जबर आहे. इथलं पाणी समुद्रातून गोडं करून आणलेलं असतं, त्याची किंमत मोठी. त्यामुळे रीत अशी:

पहिली पायरी, वॉशिंग सेंटरवर फक्त दाबाच्या पाण्याने धूळ उडवून घ्यायची. हात लावायचा नाही, कुणाला लावू द्यायचा नाही.

दुसरी, घरी सावलीत, पत्रा हाताला गार लागत असताना, दोन बादल्या घ्यायच्या. एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबरचा मऊ हातमोजा शाम्पूत बुडवून टपापासून खाली यायचं, दर वेळी साध्या पाण्यात खळबळून मगच पुन्हा शाम्पूत. चाकं सगळ्यात शेवटी आणि वेगळ्या फडक्याने. भांड्याचा साबण किंवा कपड्याची पावडर नको. तेलकटपणा काढणं हाच त्यांचा धर्म, आधीचं मेण असेल तर तेही निघून जातं.

तिसरी, वाळण्याआधी टिपून घ्यायची. घासायचं नाही, टॉवेल अंथरून उचलायचा.

चौथी, हात पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून धुतलेल्या बॉनेटवरून हलकेच फिरवा. गाडी कितीही स्वच्छ दिसली तरी पिशवीतून खरखर लागेल. तो गिलाव्याचा उरलेला अंश. तो काढायला क्ले बार नावाची मऊ माती मिळते. भरपूर ओलावा ठेवून हलक्या हाताने फिरवायची. जमिनीवर पडली तर तो तुकडा फेकून द्यायचा, पुन्हा वापरायचा नाही. वर्षातून एकदा पुरे.

आधी आपण झिजायचं

आमच्या गावापासून थोड्या अंतरावर अल झुबारा आहे. अठराव्या शतकातलं मोत्यांच्या व्यापाराचं शहर, २०१३ साली जागतिक वारशाच्या यादीत आलेलं. तिथे १९३८ साली बांधलेला किल्ला आहे. प्रवाळी दगड आणि चुनखडकाच्या या बांधकामाला मीठ आणि वारा कुरतडत असतात. जुनं बांधकाम जपणाऱ्यांची यावर एक जुनी युक्ती असते. मूळ भिंतीवर गिलाव्याचा थर द्यायचा. वाऱ्याने झिजायचं ते त्या थराने, भिंतीने नाही. झिजला की नवा द्यायचा.

आखातातल्या लाकडी गलबतांचं तेच. पाण्याखालच्या भागाला चुना आणि जनावराच्या चरबीचा लेप देत, पाण्यावरच्या लाकडाला माशाचं तेल. लेप उतरला की गलबत किनाऱ्याला घेऊन पुन्हा लेपन. लाकूड बहुधा आपल्या मलबारचं सागवान. ते शंभर वर्षं टिकावं म्हणून काही महिन्यांचा लेप खर्ची घालायचा.

मेण, सीलंट, सिरॅमिक ही सगळी याच कुळातली. कार्नोबा मेण रंगाला सुरेख खोली देतं, पण ते वितळतं ८० अंशांच्या थोडं वर, आणि गडद रंगाचा पत्रा इथल्या जुलैमध्ये त्याच्या फार मागे नसतो. त्यामुळे उन्हाळ्यात मेण काही आठवडेच टिकतं. दिवाळीत लावलेलं मात्र थंडीभर साथ देतं. कृत्रिम सीलंट बाटलीतून लावायचं, पुसायचं, काम झालं. ते काही महिने टिकतं आणि खर्च शेकड्याच्या आत राहतो. माझं मत विचाराल तर बहुतेकांना हेच पुरे. वर्षातून दोनदा, एकदा दिवाळीच्या आधी आणि एकदा गुढीपाडव्याला, उन्हाळा डोक्यावर यायच्या आत.

सिरॅमिक कोटिंग दोन-तीन वर्षं टिकतं, धूळ चटकन सुटते, हे खरं. पण दुकानदार म्हणतात तसं ते चिलखत नाही. महामार्गावर ट्रकच्या चाकाखालून उडालेला खडा त्याला जुमानत नाही. खड्यासाठी पारदर्शक पॉलियुरेथेनची फिल्म लागते. ती महाग असते. हवीच असेल तर बॉनेटच्या पुढच्या कडेला आणि बंपरला लावा. रोज अल शमाल रस्त्याने ये-जा करणाऱ्यांना ती परवडते. आणि सिरॅमिक ओरखड्यांवर लावलं तर ओरखडे दोन वर्षं जपून ठेवल्यासारखे राहतात, म्हणून आधी पृष्ठभाग नीट करून घ्यायला विसरू नका.

एक प्रश्न नेहमी येतो, कव्हर घालावं का? छपराखाली किंवा तळघरात घालावं. उघड्यावर, वाऱ्यात, कव्हरखाली धूळ शिरते आणि कापड फडफडत तीच धूळ रंगावर घासत राहतं. उघड्यावरच्या गाडीला कव्हरपेक्षा सावलीची बाजू बघून लावणं बरं.

काळं प्लास्टिक, रबर, दिवे

बंपरचं काळं प्लास्टिक उन्हाने राखाडी पडतं. त्यावर खोबरेल तेल, डिझेल, गावाकडे टॅक्सीवाले वापरत ती रॉकेलची चिंधी, हे सगळे उपाय लोक आपुलकीने सुचवतात. दोन दिवस काळंभोर दिसतं. मग त्या तेलावर धूळ बसते आणि पहिल्यापेक्षा वाईट कळा येते. प्लास्टिकसाठी पाण्यावर आधारलेलं, अतिनील किरण अडवणारं ट्रिम ड्रेसिंग मिळतं, तेच लावा.

दाराच्या रबरांना तर खनिज तेल किंवा व्हॅसलिन मुळीच नको. ही रबरं ज्या जातीची असतात ती तेलाने फुगतात आणि सैल पडतात. सिलिकॉनचा बारीक थर, कापडावर घेऊन, पुरेसा. रबर कडक झालं की पहिल्या पावसात पाणी आत, आणि गालिच्याखालचा ओलावा कुणाला महिनाभर कळत नाही.

समोरच्या दिव्यांची काच ही काच नसून पॉलिकार्बोनेट असते. तिच्यावर कारखान्यात संरक्षक लेप दिलेला असतो. तो गेला की पिवळेपणा येतो. टूथपेस्टने घासून दिवे चकचकीत होतात, पण उरलासुरला लेपही निघतो आणि काही महिन्यांत दुप्पट पिवळे पडतात. पॉलिश केल्यावर त्यावर अतिनीलरोधक लेप देणारं किट घ्या.

आणि वायपर. या लेखातलं एवढं एकच वाचलंत तरी चालेल. आठ महिने वायपरला काम नसतं, तो काचेवर पडून भाजत असतो. रबर वाळतं, कडा वाकतात. मग नोव्हेंबरात एखाद्या संध्याकाळी पाऊस येतो. रस्त्यावर उन्हाळाभराची धूळ आणि तेल, त्यावर पाणी, सगळं साबणासारखं निसरडं. पुढचा ट्रक चिखल उडवतो, तुम्ही वायपर लावता आणि काचेवर दुधासारखा पट्टा पसरतो. ताशी शंभराच्या वेगाने दोन-तीन सेकंद आंधळेपणाने गाडी गेली म्हणजे साठ ते ऐंशी मीटर. मागच्या सीटवर मुलं असतात. वायपर दर दिवाळीला नवे घाला, जुने बरे दिसत असले तरीही. काच आतून-बाहेरून धुवा, वॉशरची टाकी भरा. फराळाच्या एका डब्याएवढा हा खर्च.

दसऱ्याची पूजा आणि बॉनेट

पूजा करूच नका असं सांगणारा मी कोण? आमच्याकडेही गाडीला झेंडूची माळ असते. पण गावाकडे दसऱ्याला जे ऊन असतं त्याच्या दुप्पट इथे असतं. ओलं कुंकू बॉनेटवर दिवसभर राहिलं तर त्याचा रंग मुरतो. हळदीचा डाग उन्हाने हळूहळू फिका होतो, पण बाजारच्या कुंकवातले कृत्रिम रंग हटत नाहीत. तेव्हा स्वस्तिक काचेच्या वरच्या कोपऱ्यात काढा, किंवा विड्याच्या पानावर काढून ते ठेवा. माळ तारेत ओवलेली नको, सुती दोऱ्यातली हवी, तारेचं टोक वाऱ्याने चार ओरखडे काढतं. नारळ गाडीपासून दोन हात लांब फोडा. लिंबू चाकाखाली खुशाल ठेवा, फक्त बंपरवर पिळलं जाऊ देऊ नका. संध्याकाळी सगळं पाण्याने पुसून घ्या. देव रागावत नाही.

हे सगळं कशासाठी?

आपल्यापैकी प्रत्येकाला एक दिवस ही गाडी इथेच विकायची आहे. त्या दिवसाची तारीख अनेकदा आपल्या हातात नसते. कंत्राट संपतं, आईवडिलांची तब्येत बोलावते, मुलांचं कॉलेज ठरतं. आणि मग सामान, विमान, बँक, शाळेचा दाखला यांच्या घाईत गाडी आठवडाभरात विकावी लागते. घाईत विकणाऱ्याचा भाव घेणारा ठरवतो.

घेणारा माणूस आधी टपाकडे बघतो. हल्ली बरेच जण रंगाची जाडी मोजणारं छोटं यंत्र घेऊन येतात, मी कामावर वापरतो तसलंच. मूळ रंग १२० दाखवतो आणि नव्याने रंगवलेलं दार ३०० दाखवतं. "अपघात झाला होता का?" तुम्ही शपथ घेऊन सांगा की नुसता रंग उडाला होता म्हणून रंगवलं, तो मान हलवतो आणि आकडा खाली आणतो. मूळ लॅकर जपलेली, थोडी मंद दिसणारी गाडी ही नव्याने रंगवलेल्या झगझगीत गाडीपेक्षा अधिक विश्वासाची असते.

अशा कित्येक कुटुंबांना मी इथून जाताना पाहिलं आहे. ज्यांनी वर्षातून दोन शनिवार गाडीला दिले, त्यांची गाडी शेजारच्यानेच, न कुरकुरता, मागितलेल्या भावात घेतली. त्या पैशांत कुणाचं पुण्यातल्या घराचं फर्निचर झालं, कुणी मुलीच्या पहिल्या वर्षाची फी भरली. चमक हा वरचा नफा. खरा ऐवज आपल्या घामाचा असतो आणि तो दोन-तीन वर्षांत उन्हात उडून जाऊ शकतो.

तेव्हा मंडळी, फराळाच्या यादीत दोन ओळी वाढवा. वायपरची जोडी एक, सीलंटची बाटली एक. मुलांना बादली द्या, मोजा द्या, टपापासून खाली यायला शिकवा. वसुबारसेच्या आदल्या शनिवारी सकाळी सात वाजता पत्रा गार असतो. तेवढ्यात काम उरकतं, आणि चिवडा भाजायला घरातली मंडळी तुम्हाला हाक मारायच्या आत तुम्ही मोकळे.

शुभ दीपावली!